गॉगलची सुरुवात डोळ्यापासून

मंडळी, आजचा विषय फलकावर लिहिलाच आहे, आणि गॉगल म्हणजे आपला स्टीमपंकचा पितळी गॉगल, वाफेच्या यंत्रांच्या काळातला वाटेल असा. त्याच्यावर येतो. पण आधी ही कडी पुढच्या रांगेपासून हातोहात फिरवा. आतल्या बाजूनं नख फिरवलंत तर एका जागी ते अडकेल. काठापासून खाली गेलेली उभी चीर आहे ती, केसाएवढी. ती का पडली हे कळेपर्यंत माझ्या दोन वाट्या, म्हणजे गॉगलची काच धरणारी पितळी भांडी, वाया गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून तिची गोष्ट आधी.

ही गॉगलच्या डाव्या वाटीची तोंडाकडची कडी. पत्रा 0.8 मिलिमीटरचा, पितळ 70-30 चं, म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. पितळ घेताना एवढं विचाराच, कारण सगळं पितळ एका स्वभावाचं नसतं. 70-30 चं थंडपणीच ठोका, ओढा, ते ऐकतं. काडतुसांच्या पुंगळ्या त्याच्याच करतात. 60-40 चं गरम असताना वळतं, थंड असताना लवकर अडून बसतं. आणि लेथवर ज्याचा चुरा भुरभुर पडतो त्या सळईत साधारण 3 टक्के शिसं असतं. तिच्यावर आटे सुरेख पडतात, पण वाकवायला गेलात की तुटते. शिसं असल्यानं काम झालं की हात धुवायचे, हेही सांगून ठेवतो.

तर पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून मोगरीनं ठोकत वाटी वळवली. ठोकून ठोकून पितळ ताठर होतं. मग तापवायचं, की पुन्हा मऊ. तापवायला अंधारा कोपरा निवडा. मंद लाली दिसली की ज्योत बाजूला. भर उजेडात ती लाली दिसतच नाही, आपण तापवत राहतो, पितळाचे आतले कण मोठे होतात आणि नंतर वळवताना पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा उठतो. त्याच्याही पुढे गेलात तर पांढरा धूर दिसेल. ते जस्त निघून चाललेलं असतं. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून खिडकी उघडी हवी.

जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं, आणि खनिजापासून ते सुटं करायला त्याच्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे भट्टीत ते जन्मालाच वाफ होऊन येतं आणि हवा लागली की जळून जातं. यामुळेच कितीतरी शतकं लोकांनी जस्त हातात न घेता पितळ केलं. तांब्याबरोबर जस्ताचं खनिजच मुशीत घालून. राजस्थानात जावरला उलट्या मुशींमधून ती वाफ खाली उतरवून थंड करायची युक्ती शेकडो वर्षांपूर्वी साधली होती. युरोपात विल्यम चॅम्पियननं त्याचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये. माझ्या फार आवडीचा विषय आहे हा, त्याच्यासाठी पुन्हा बोलवा मला. आज कडी.

शेवटची ठोकणी झाल्यावर मी वाटी मुद्दाम तापवली नाही. ताठर राहावी, दाबली तर चेपू नये, हा विचार. तोवर सगळं ठीक होतं. मग मला ती जुनी दिसायला हवी होती. नवं पितळ डोळ्यांत भरतं, आणि स्टीमपंकमध्ये तर वस्तू पन्नास वर्षं कुणीतरी वापरलेली वाटायला हवी. पितळ झटपट जुनं करायची कृती सगळीकडे एकच सांगतात: अमोनियाच्या वाफेत ठेवा. मी एका झाकणाच्या बरणीत नवसागर आणि ओला चुना एकत्र केला, त्यातून नाकात झिणझिण्या आणणारा वास सुटला, आणि वाटी वर टांगून रात्रभर ठेवली. सकाळी जो रंग आला होता तो मी आजही विसरलेलो नाही. कडेला निळसर, मध्ये मधासारखा तपकिरी, हातोडीच्या खुणांमध्ये काळपट. घरच्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

तिसऱ्या दिवशी ती टेबलावर तशीच पडलेली होती. कुणाचा हात लागला नव्हता. टक् असा आवाज आला. मला वाटलं खिडकीच्या काचेवर काहीतरी आपटलं. संध्याकाळी वाटी उचलली तेव्हा ही चीर दिसली.

मी दोष झाळकामाला, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडकामाला दिला. बाजूची पट्टी झाळताना झाळ नीट पसरवणारा टाकणखार कमी पडला असेल, एकाच ठिकाणी जास्त तापलं असेल, असं म्हणून दुसरी वाटी झाळ न देता केली. तीही बरणीत ठेवली. तीही तडकली, अगदी तशीच, काठापासून उभी.

उत्तर सापडलं ते काडतुसांच्या इतिहासात. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली असायची, आणि पावसाळ्यानंतर पाहावं तर पुंगळ्यांना चिरा. न वापरता, न आपटता. चिरा ऋतूबरोबर येतात म्हणून इंग्रजीत त्याला नावही 'सीझन क्रॅकिंग' असंच पडलं. खरं कारण 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी मांडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि ओढून केलेल्या पुंगळीच्या अंगात कोंडून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सांध्यांतून उलतं. माझ्या बरणीत तबेला होता, ओल होती, आणि वाटीतला ताण मी स्वतः ठोकून भरला होता.

उपाय सोपा आहे आणि म्हणूनच मला चीड येते. 250 ते 300 अंशांवर तासभर ठेवलं की कोंडलेला ताण बराचसा निघून जातो आणि ताठरपणा जवळपास तसाच राहतो. लाल करायचीही गरज नाही. अमोनियाची कृती सांगणाऱ्यांपैकी एकानंही हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. रंगाचे फोटो सगळ्यांनी दिले होते, तिसऱ्या दिवसाचा फोटो कुणीच दिला नव्हता. शिकवणाऱ्यानं तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला हवं.

आता मी बरणी वापरत नाही. वाटीला लाखेचा थर देत नाही, रोज हाताळतो. घाम लागतो, हवा लागते, आणि काही महिन्यांत जिथे बोटं पडतात तिथे उजळ आणि खोबणीत तपकिरी असा रंग आपोआप येतो. तो रंग वस्तू कशी धरली जाते ते सांगतो. बरणीतला रंग फक्त बरणीचं सांगतो.

आणि इथेच माझं जुनं दुखणं येतं: वाटीवर चिकटवलेलं दातेरी चाक. मोडक्या घड्याळातून काढलेलं, गोंदानं लावलेलं, कशातच न अडकणारं चाक. 'स्टीमपंक' हा शब्द 1987 चा आहे, लेखक के. डब्ल्यू. जेटर यांच्या एका पत्रातला. पण ज्या गॉगलांवरून आपण प्रेरणा घेतो ते वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांसाठी, मोटारीच्या धुळीसाठी, झाळकामाच्या झगझगाटासाठी केलेले होते. त्यांच्यावर जे जे नक्षीसारखं दिसतं ते ते कामाचं होतं. कडीवरची खरखरीत रेघांची पट्टी घामट बोटांनी कडी फिरवता यावी म्हणून. बाजूच्या भोकांची रांग आतली वाफ बाहेर जावी म्हणून. बाजूची जाळी ठिणगी तिरकी येते म्हणून. चाक लावायचंच तर त्याला काम द्या. काचेसमोर पाकळ्यांचा पडदा बसवा, तो त्या चाकानं उघडू-मिटू दे. मग मी स्वतः टाळ्या वाजवीन.

चिठ्ठी आली आहे, बारा मिनिटं उरली म्हणून. फलकावरचा विषय आता भरभर सांगतो, लिहून घ्या.

डोळ्यापासून सुरुवात म्हणजे पत्रा कापण्याआधी मोजपट्टी चेहऱ्यावर. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिलिमीटर, पण 54 पासून 74 पर्यंत काहीही सापडतं. झाळकामाच्या गॉगलांची गोल काच 50 मिलिमीटरची असते आणि ती सहज मिळते. त्या काचेसाठी वाटीचा बाहेरचा व्यास 54 धरलात, तर सरासरी चेहऱ्यावर दोन वाट्यांमध्ये फक्त 9 मिलिमीटर उरतात, आणि तिथे नाक आहे. अंतर 56 असलेल्या माणसाला हीच वाटी दिलीत तर 2 उरतात. म्हणून काचेचा आकार माणूस ठरवतो, आणि मधला दुवा कमीजास्त करता येणाराच हवा.

मग वजन. 30 मिलिमीटर खोल, 54 व्यासाची, 1 मिलिमीटर पत्र्याची नुसती वाटी 42 ग्रॅम भरते. पत्रा 2 चा घेतलात की 83. दोन वाट्या, कड्या, दुवा धरून नाकावर किती आलं बघा. 0.8 पुरतो, काठ दुमडला की ताठरपणा येतो.

हे वजन नाकानं नाही, चामड्यानं पेलायचं. वनस्पतीच्या सालींनी कमावलेलंच चामडं घ्या. पाण्यात बुडवलं, बुडबुडे थांबले, की ते साच्यावर दाबून बसवता येतं आणि वाळल्यावर आकार धरून ठेवतं. क्रोमनं कमावलेलं तसं धरत नाही. कड रापीनं पातळ करायची, आरीनं भोकं, आणि मेण लावलेला एक दोरा, दोन्ही टोकांना दोन सुया. एक टाका तुटला तरी दुसरा धरून राहतो. पितळी रिव्हेटभोवती चामड्यावर हिरवं मेणचट काहीतरी जमतं, ते चामड्यातल्या तेलाचं आणि तांब्याचं लग्न आहे. कोरड्या फडक्यानं पुसत राहायचं.

काच धातूला टेकू द्यायची नाही. पितळ उष्णतेनं काचेच्या दुपटीनं पसरतं आणि थंडीत तितकंच आवळतं. मध्ये चामड्याची पातळ चकती, आणि बाजूनं किंचित मोकळीक. साधी काच तर नकोच, फुटली तर तुकडा कुठे जाईल ते सांगायला नको. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तूस यांच्या हातून 1903 मध्ये फ्लास्क पडला, फुटला, पण आतल्या पातळ पापुद्र्यानं तुकडे धरून ठेवले; त्यातून आलेली थराची काच पहिल्या महायुद्धात गॅसच्या मुखवट्यांच्या डोळ्यांना बसवली. आपण पॉलिकार्बोनेट वापरू शकतो. तरी हा गॉगल घालून ग्राइंडरसमोर उभे राहू नका, तिथे प्रमाणित चष्माच.

आटे कसे पाडायचे ते राहिलं, ते लेथसमोरच दाखवीन. टेबलावर माझी सध्याची जोडी आहे. एकेकानं डोळ्यांवर चढवून बघा, आणि जिथे टोचेल तिथे बोट ठेवून मला दाखवा. उजव्या गालाकडची कड मला अजून जाड वाटते, आणि रापी मी सोबत आणली आहे.