पांढरा कण लहान होतो तेव्हा

[पडद्यावर: पांढऱ्या रंगात बुडालेला ब्रश, अगदी जवळून.]

भिंतीचा रंग, कागद, प्लॅस्टिक, टूथपेस्ट, औषधाच्या गोळीवरचा लेप. या सगळ्यांना पांढरं करणारी पूड बहुतेक वेळा एकच असते: टायटॅनियम डायऑक्साइड.

विसाव्या शतकात ती बाजारात आली, तेव्हा तिचं स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. त्याआधी पांढऱ्या रंगात शिसं असायचं, आणि शिसं विषारी. ही नवी पूड पाण्यात विरघळत नव्हती, सहसा कशाशी अभिक्रिया करत नव्हती. शिवाय प्रकाश वळवण्यात ती हिऱ्याच्याही पुढे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४ आहे, तर रुटाइल या स्फटिकरूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७ च्या आसपास.

रंगासाठी तिचे कण साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचे ठेवतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, आणि तिच्या निम्म्या मापाच्या आसपासचा कण तो प्रकाश सगळ्यांत जोरात विखुरतो. म्हणून ही पूड इतकी शुभ्र दिसते.

[पडद्यावर: एक कण फुटत फुटत लहान होतो.]

आता असा २५० नॅनोमीटरचा एक कण फोडून २० नॅनोमीटरचे कण करा. एकाचे जवळपास २००० होतात. रासायनिक सूत्र तेच राहतं, पण पांढरेपणा जातो. दिसणारा प्रकाश या कणांमधून जवळजवळ सरळ निघून जातो, अतिनील किरण मात्र अडतात. त्वचेवर पांढरा थर न दिसता उन्हापासून संरक्षण देणारी सनस्क्रीन यामुळेच शक्य झाली.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच आहे. २५० नॅनोमीटरच्या कणांच्या एक ग्रॅम पुडीचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटरच्या आसपास भरतो. २० नॅनोमीटरला तो सुमारे सत्तरवर जातो. हवा, पाणी, पेशी या सगळ्यांशी कणाचा संबंध येतो तो पृष्ठभागावरच.

आणि या पृष्ठभागाला प्रकाश जागं करतो. १९६७ मध्ये टोकियो विद्यापीठात संशोधन करणाऱ्या अकिरा फुजिशिमा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश सोडला. बुडबुडे येऊ लागले. पाण्याचं विघटन होत होतं. केनिची होंडा यांच्यासोबतचा त्यांचा याविषयीचा लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि प्रकाश-उत्प्रेरणाची एक मोठी वाट खुली झाली.

घडतं असं. अतिनील किरण पडले की स्फटिकातला इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो आणि मागे पोकळी उरते. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला गाठतो, पोकळी पाण्याला. त्यातून हायड्रॉक्सिल मूलकासारखे अतिशय आक्रमक रेणू तयार होतात. ते समोर येईल तो सेंद्रिय पदार्थ तोडतात: काचेवरचा मळ, जिवाणू, पाण्यातले दूषित घटक. स्वतःला स्वच्छ करणाऱ्या काचा याच गुणावर चालतात. अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपात हा गुण सहसा रुटाइलपेक्षा जास्त असतो.

पण जिवाणू तोडणारा रेणू आपल्या पेशीला ओळखून सोडून देत नाही. म्हणूनच सनस्क्रीनमधल्या कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचं कवच चढवतात, आणि बरेचदा रुटाइल निवडतात.

[पडद्यावर: त्वचेचा आडवा छेद.]

शरीरात शिरायच्या वाटा तीन: त्वचा, श्वास आणि अन्न. त्वचेबद्दलचं उत्तर दिलासा देणारं आहे. निरोगी, अखंड त्वचेच्या वरच्या मृत थरातच हे कण अडकतात. खालच्या जिवंत पेशींपर्यंत ते पोहोचत असल्याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही.

फुप्फुसाचं तसं नाही. वायुकोशांत उतरलेले कण भक्षक पेशी गिळतात आणि हळूहळू वर वाहून नेतात. भार फार झाला की या पेशी थकतात, कण साचतात, दाह होतो, आणि दीर्घकाळच्या दाहातून ऊतींचं नुकसान होतं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रॅट जातीच्या उंदरांना दोन वर्षं रंगाच्या मापाची पूड हुंगवली. फुप्फुसांत गाठी वाढल्या त्या दर घनमीटर हवेत २५० मिलिग्रॅम इतक्या अवाढव्य प्रमाणाला. १९९५ च्या प्रयोगात अतिसूक्ष्म कण वापरले, आणि सुमारे १० मिलिग्रॅमलाच गाठी दिसल्या. रोज किती तास हुंगवायचं, हे दोन्हीकडे सारखं नव्हतं. तरीही एवढा फरक नजरेआड करता येत नाही. वजनाऐवजी पृष्ठभाग मोजला, तर दोन्ही निकाल एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

मात्र त्याच दुसऱ्या प्रयोगातल्या लहान उंदरांमध्ये, म्हणजे माइसमध्ये, गाठी तशा वाढल्या नाहीत. रॅटचं फुप्फुस अशा भाराला विशेष हळवं असतं. कारखान्यांतल्या कामगारांच्या पाहण्यांतूनही कर्करोगाशी स्पष्ट नातं दिसलेलं नाही. त्यामुळे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००६ मध्ये हा पदार्थ ‘२ ब’ गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांत ठेवला. २०११ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं कामाच्या जागेसाठी मर्यादा सुचवल्या: नेहमीच्या बारीक पुडीला घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म पुडीला ०.३. एकाच पदार्थाला दोन मर्यादा, त्याही आठपट अंतराच्या. हे मला फार मोलाचं पाऊल वाटतं.

[पडद्यावर: पांढरा लेप दिलेल्या गोळ्या.]

अन्नातल्या या रंगाचं नाव ‘ई १७१’. तो पांढरेपणासाठी घालत असले, तरी त्यातल्या कणांचा काही भाग १०० नॅनोमीटरहून लहान असतो. आतड्यातून रक्तात जाणारा अंश अत्यल्प असतो, पण तो बाहेर पडायलाही फार वेळ लागतो. माणसाच्या यकृतात आणि प्लीहेत हे कण सापडले आहेत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मे २०२१ मध्ये सांगितलं, की जनुकीय हानीची शंका पूर्ण दूर करता येत नाही, म्हणून हा रंग सुरक्षित म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघानं तो अन्नातून काढला. ब्रिटन आणि कॅनडाच्या तज्ज्ञांना मात्र तेच पुरावे बंदीइतके ठोस वाटले नाहीत.

माझा कल इथे बंदीकडे आहे. ई १७१ पोषण देत नाही, अन्न टिकवतही नाही, फक्त पांढरं करतो. त्या एका कामासाठी शंका पोटात घ्यावी असं मला वाटत नाही. सनस्क्रीनचा हिशेब वेगळा आहे, कारण तिथे समोर उन्हानं होणारा त्वचेचा कर्करोग आहे, तो खरा आहे, आणि कण त्वचेच्या वरच राहतात. फक्त ती मलम किंवा लोशनच्या रूपात असावी. हे नॅनोकण असलेले फवारे आणि उडणारी पावडर हाच कण फुप्फुसाच्या वाटेला लावतात. नॅनोरूपातला टायटॅनियम डायऑक्साइड श्वासात जाईल अशा सौंदर्यप्रसाधनांत वापरू नये, असं युरोपच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीचं म्हणणं आहे, आणि लेबल वाचताना मीही आधी तेच पाहीन.