पोर्ट टॅलबटची पेन्शन

(दृश्य: वेल्सचा किनारा, मागे पोलाद कारखाना)

पोर्ट टॅलबट. या गावात पिढ्यान् पिढ्या पोलाद कारखान्यात राबल्या. २००७ साली टाटा स्टीलने कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली आणि हा कारखाना टाटांचा झाला. सोबत आली ब्रिटिश स्टीलची जुनी पेन्शन योजना. सभासद एक लाखाहून जास्त.

पेन्शन भक्कम होती. पगार आणि नोकरीची वर्षं यांवर रक्कम ठरायची, हयातभर मिळायची, महागाईबरोबर वाढायची. कामगार गेला तर मागे राहिलेल्या जोडीदारालाही तिचा आधार असायचा. बाजार कोसळला तरी त्याची झळ कामगाराला नव्हती.

२०१७ मध्ये टाटांच्या ब्रिटनमधल्या कंपनीने ५५ कोटी पौंड भरून या योजनेतून अंग काढून घेतलं. सभासदांनी ठरवायचं होतं: कमी वाढ देणाऱ्या नव्या योजनेत जायचं, की जुनीतच राहून पेन्शन संरक्षण निधीकडे, म्हणजे कंपनी हात वर करते तेव्हा पेन्शन सांभाळणाऱ्या निधीकडे, जायचं. मुदत २२ डिसेंबर. आणि ज्यांची पेन्शन सुरू झाली नव्हती, त्यांना तिसरी वाट होती. आपला हिस्सा एकरकमी काढून खासगी योजनेत टाकायचा.

(दृश्य: कागदांचा गठ्ठा, त्यावर सहीची रिकामी जागा)

महिन्याच्या पगारावर घर चालवलेल्या माणसाच्या हाती साडेतीन लाख पौंडांचा आकडा लिहिलेलं पत्र पडलं, आणि दलालांनी गावात ठाण मांडलं. सॉसेज आणि चिप्सचं जेवण घालून कामगारांना भरीस घातलं गेलं.

कायदा कामगाराच्या बाजूचा होता. हिस्सा ३० हजार पौंडांच्या वर असेल तर अधिकृत सल्लागाराचा सल्ला सक्तीचा. पण अनेक सल्लागारांना पैसे मिळायचे ते पेन्शन हलवली तरच. साडेतीन लाखांवर दोन टक्के धरले, तर सात हजार पौंड. ‘आहे तिथेच राहा’ म्हणणाऱ्याला काहीच नाही. माझ्या मते सगळं प्रकरण याच एका व्यवहारात आहे. राखणदाराची मजुरीच चोरीवर ठरली होती.

सुमारे ७,८०० जणांनी २.८ अब्ज पौंड बाहेर काढले. वित्तीय सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने तपासलेल्या प्रकरणांपैकी ४७ टक्के सल्ले अयोग्य निघाले. सल्लागार कंपनी बुडाली तर ग्राहकाला भरपाई देणाऱ्या निधीकडे आलेल्या दाव्यांत सरासरी नुकसान ८२,६०० पौंडांचं होतं. एकाचं तर ४,८९,०००.

पेन्शन अशी सुटी झाली की पैसा कुठवर जाईल याला धरबंद नसतो. ‘हार्लेक्विन’ या दुसऱ्या प्रकरणात ब्रिटिश लोकांची पेन्शनची पुंजी कॅरिबियन बेटांवरच्या, बहुतांशी कधी बांधल्याच न गेलेल्या हॉटेलांत गेली. कंपनीचा प्रमुख डेव्हिड एम्स याला २०२२ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली.

पेन्शन हलवली तरच फी, ही पद्धत ऑक्टोबर २०२० पासून बहुतेकांसाठी बंद झाली. पोर्ट टॅलबटच्या कामगारांना त्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी २०२३ मध्ये भरपाई योजना सुरू झाली, पण तोवर व्याजदर चढले होते. जुन्या पेन्शनइतकं उत्पन्न आता कमी पैशांत विकत घेता येतं, असा हिशेब मांडला गेला. त्यामुळे सल्ला चुकीचा होता हे सिद्ध होऊनही अनेकांच्या वाट्याला भरपाईचा एक पौंडही आला नाही.