मॅककॉयवरची तेहतीस डावांची रात्र

[दृश्य : दुधाचा रिकामा प्लास्टिक कॅन, दोरी, पेन]

कॅनची पुढची बाजू कापायची. आत चेंडू आणि पेन ठेवायचं. मुठीला दोरी बांधून कॅन कठड्यावरून हळूच खाली सोडायचा. खाली बसलेला खेळाडू सही करणार, की दोरी वर ओढायची. मॅककॉय या बेसबॉलच्या स्टेडियमवर सह्या मिळवायची हीच रीत, कारण तिथले डगआउट, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागा, प्रेक्षकांच्या रांगांच्या थेट खाली होते. लोक याला मासे पकडणंच म्हणत.

हे मैदान अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पटकेट या जुन्या गिरणगावातलं, दलदलीवर भराव घालून बांधलेलं, १९४२ सालचं. १९७३ पासून इथे बॉस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीग या सर्वांत वरच्या लीगच्या एक पायरी खालचा, संघ खेळू लागला. लोकांच्या तोंडी 'पॉसॉक्स'.

अशा खालच्या लीगांचा, म्हणजे मायनर लीगचा, हिशेब वेगळाच असतो. खेळाडूंचा पगार वरचा क्लब देतो आणि कोणाला कधी वर न्यायचं तेही तोच ठरवतो. पोरगा जरा चमकला की तासाभराच्या गाडीच्या अंतरावर बॉस्टनला गेलाच! स्थानिक मालकाच्या हाती उरतात तिकिटं, हॉटडॉग, जाहिरातींचे फलक. त्यामुळे अशा संघाचा इतिहास गुणतालिकेत कमी आणि गल्ल्यात जास्त सापडतो. १९७७ मध्ये संघाचं दिवाळं निघालं होतं. तो बेन माँडोर या कापडधंद्यातल्या माणसाने घेतला आणि सावरला.

[दृश्य : रात्रीचं मैदान, पिंपात जळणारं लाकूड]

१८ एप्रिल १९८१, शनिवार. समोर रॉचेस्टर रेड विंग्ज. दिवे बिघडल्याने सामना उशिरा सुरू झाला. ठरलेल्या नऊ डावांनंतर १-१. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये बरोबरी चालत नाही, डाव वाढत जातात. एकविसाव्यात रॉचेस्टरने धाव काढली, तर वेड बॉग्जच्या डबलने, म्हणजे थेट दुसऱ्या बेसवर नेणाऱ्या फटक्याने, पटकेटने ती फेडली. रात्री १२.५० नंतर नवा डाव सुरू करू नये, असा लीगचा नियम होता. पण पंचांकडच्या पुस्तिकेत नेमका तोच नव्हता! मग थांबवणार कोण? बोचऱ्या वाऱ्यात खेळाडू तुटक्या बॅटी पिंपात जाळून हात शेकत होते.

अखेर लीगच्या अध्यक्षांना फोन लागला, आणि बत्तिसाव्या डावानंतर पहाटे ४.०७ ला खेळ थांबला. २-२. ईस्टरची सकाळ उजाडायला आली होती. १,७४० प्रेक्षकांपैकी उरले होते १९.

उरलेला खेळ २३ जूनला. तोवर मेजर लीगमध्ये संप सुरू झालेला, त्यामुळे बातमीदारांचा ताफा पटकेटला लोटला आणि मैदान खचाखच भरलं. खेळ चालला जेमतेम १८ मिनिटं. पटकेटच्या मार्टी बॅरेटला चेंडू लागला, म्हणून त्याला पहिला बेस मिळाला. चिको वॉकरच्या फटक्यावर थेट तिसऱ्या. पुढच्या फलंदाजाला फटका मारू न देता मुद्दाम पहिल्या बेसवर चालत जाऊ दिलं, तिन्ही बेस भरले. गोलंदाज बदलला. डेव्ह कोझाने डावीकडे सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, मारला आणि बॅरेट घरच्या बेसवर परतला, विजयाची धाव. ३-२. एकूण ८ तास २५ मिनिटं, व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांब सामना. पटकेटचा बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकेन पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. कोझाला मेजर लीग कधीच खेळायला मिळाली नाही.

[दृश्य : रिकाम्या रांगा]

माँडोर २०१० मध्ये गेले. २०१५ मध्ये संघ विकला गेला. नव्या मालकांना नवं स्टेडियम हवं होतं. त्याच्या पैशांवरून वर्षानुवर्षं घोळ चालला आणि २०१८ मध्ये त्यांनी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर निवडलं. निरोपाचा म्हणून ठरलेला २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. २०२१ पासून संघ वूस्टरच्या पोलर पार्कवर खेळतो. मॅककॉयची जागा गावाने नव्या हायस्कूलसाठी ठरवली, आणि २०२५ मध्ये स्टेडियमवर हातोडा पडला.