कपाटात बंद केलेला गेन

नमस्कार श्रोतेहो.

जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, आणि त्यांच्यावर बेतलेल्या अ‍ॅनिमे मालिका आता आपल्या मुलांच्या मोबाइलवर येऊन पोचल्या आहेत. त्यांच्या मागोमाग पालकांची काळजीही आली. एवढी मारामारी, एवढं रक्त मुलांनी बघावं का? जपानमध्ये हा वाद निदान सत्तर वर्षांचा आहे. 1955 साली तिथल्या पालकांनी ‘वाईट पुस्तकं’ हटवण्याची मोहीम काढली होती आणि ओसामु तेझुकांसारख्या थोर चित्रकारालाही तिची झळ बसली होती. या वादातलं एक प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून आज तेच सांगतो.

मांगा चित्रकार केजी नाकाझावा हे हिरोशिमाचे. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ मात्र गेले. आई त्याच दिवशी बाळंत झाली. ती मुलगीही पुढे जगली नाही. 1966 साली आई वारली. दहनानंतर नाकाझावा अस्थी गोळा करायला गेले, तर हाती घेण्याजोगं हाडच उरलं नव्हतं. किरणोत्सर्गानं आईची हाडंसुद्धा नेली, या संतापातून ते अणुबॉम्बवर चित्रं काढू लागले. 1973 साली ‘हादाशी नो गेन’, म्हणजे अनवाणी गेन, ही गेन नावाच्या मुलाची गोष्ट सांगणारी त्यांची मांगा मालिका सुरू झाली.

तीही कुठे? ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात. गेनचे वडील युद्धाला उघड विरोध करतात, म्हणून गल्लीतले लोक त्या कुटुंबाला देशद्रोही ठरवतात. मग बॉम्ब पडतो. घराखाली अडकलेले वडील, बहीण आणि भाऊ गेनच्या डोळ्यांदेखत जळतात. कातडी लोंबत चालणारी माणसं नाकाझावांनी जशी पाहिली तशीच काढली. खरं तर थोडी सौम्यच काढली, असं ते स्वतः सांगत. बाल वाचकांना भीती वाटते म्हणून त्यांनी हात आखडता घेतला होता.

काही काळानं मालिका ‘जंप’मधून बाहेर पडली आणि मोठ्यांच्या नियतकालिकांतून पुढे चालू राहिली. त्यातलं एक शिक्षक संघटनेचं होतं. या उत्तरार्धात जपानी सैनिकांनी आशियात केलेले अत्याचार येतात, सम्राटाच्या जबाबदारीबद्दल जळजळीत बोलणं येतं. पुढे सगळे दहा भाग एकाच संचात निघाले आणि जपानभरच्या शाळांच्या ग्रंथालयांत गेले. म्हणजे मुलांसाठी काढलेली पानं आणि मोठ्यांसाठी काढलेली पानं एकाच फळीवर आली. वादाचं मूळ इथं आहे.

2012 साली शिमाने प्रांतातल्या मात्सुए शहरात एका नागरिकानं अर्ज केला: या पुस्तकात इतिहास चुकीचा आहे, ते शाळांतून काढा. नगर परिषदेनं अर्ज फेटाळला. तरीही त्याच डिसेंबरमध्ये शिक्षण मंडळाच्या कार्यालयानं मुख्याध्यापकांना सांगितलं, की गेन उघड्या फळीवरून उचला, बंद कपाटात ठेवा, मुलांना घरी देऊ नका. या वेळी कारण वेगळं दिलं: अत्याचाराची चित्रं मुलांच्या मनाला झेपणार नाहीत. नाकाझावा त्याच महिन्यात वारले.

अर्ज इतिहासावर आक्षेप घेणारा आणि बंदी मात्र हिंसेच्या नावानं, हे मला प्रामाणिक वाटत नाही. ऑगस्ट 2013 मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली आणि देशभर गदारोळ झाला. 26 ऑगस्टला मंडळानं सूचना मागे घेतली. का? तर मंडळाच्या सदस्यांना न विचारता कार्यालयानं परस्पर निर्णय घेतला होता, ती पद्धत चुकीची होती, म्हणून. ते पुस्तक मुलांना द्यावं की नाही, या मूळ प्रश्नाला मंडळानं हातच लावला नाही.

आता कायद्याचं. जपानी राज्यघटनेचं 21वं कलम अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं आणि सेन्सॉरशिपला मनाई करतं. दुसऱ्या बाजूला दंडसंहितेचं 175वं कलम अश्लील साहित्याच्या विक्रीला शिक्षा सांगतं, आणि त्या कलमाखाली एका मांगाच्या प्रकाशकाला झालेली शिक्षा 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. 2010 साली तोक्यो महानगरानं अठरा वर्षांखालच्यांना काय विकू नये याचे नियम कडक केले, तेव्हा बड्या प्रकाशकांनी निषेध म्हणून तिथल्या अ‍ॅनिमे मेळ्यावर बहिष्कार जाहीर केला. माझं मत विचाराल तर लैंगिक मजकुराला विक्रीसाठी वयाची अट असावी, तीत मला काही गैर दिसत नाही. अट छापलेली असते, दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला ती ठाऊक असते, तिच्याविरुद्ध बोलता येतं, कोर्टातही जाता येतं. मात्सुएच्या कपाटाविरुद्ध मुलं कुठं जाणार होती? पुस्तक तिथं आहे हेच त्यांना दिसत नव्हतं.

असे वाद आपल्या दारातही आले आहेत. ‘शिनचॅन’ आपल्याकडे 2008 साली काही काळ बंद झाली होती. ती मूळ चित्रकथा जपानमध्ये मोठ्यांच्या नियतकालिकात छापली गेली होती. आपण मात्र ती बालवाहिनीवर लावली आणि मग मुलं बिघडतात म्हणून ओरडलो.

गेनचं प्रकरण पुढे खुद्द हिरोशिमात गेलं. 2013 पासून तिथल्या शाळांच्या शांतता शिक्षणाच्या पुस्तकात तिसरीच्या मुलांसाठी गेनमधले प्रसंग होते. 2023 साली शहराच्या शिक्षण मंडळानं ते काढून तिथं दुसरा मजकूर घ्यायचं ठरवलं. आजारी आईसाठी गेन दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो आणि पैशासाठी रस्त्यावर गातो, हे आजच्या मुलांना नीट कळणार नाही, असं कारण दिलं गेलं. या वेळी तज्ज्ञांना विचारलं होतं, निर्णय जाहीर होता, हे मान्य करायला हवं. पण कारण मला पटत नाही. उपाशी घरातलं मूल आईसाठी मासा का चोरतं, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समजावणं हेच तर शिक्षकाचं काम.

घरी कुणी गेन वाचायला मागितला तर मी काय करीन, तेही सांगतो. इंग्रजीत दहाही भाग मिळतात. ‘जंप’मध्ये आलेला मजकूर पहिल्या चार भागांत आहे, तेवढा दहा-अकरा वर्षांच्या मुलाबरोबर शेजारी बसून वाचीन. पुढचे सहा भाग तो मोठा झाल्यावर, चौदा-पंधराव्या वर्षी देईन, आणि ते आत्ता का देत नाही हे त्याला आजच सांगीन. नमस्कार.