मागे कोणीच नसतं तेव्हा

नमस्कार. या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न माझ्या कानावर येतोय : गुळगुळीत डांबरी रस्ते असताना खडीवर सायकल कशाला घालायची?

डांबरी रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष पाठीमागे असतं. गाडी येतेय का, किती वेगात येतेय, चालकाला आपण दिसलोय का, हा हिशेब डोक्यात सतत चालू असतो. इतका सतत, की आपण तो करतोय हेही जाणवत नाही. शेतांमधल्या खडीच्या रस्त्याला लागलात की थोड्या वेळात हा हिशेब आपोआप बंद पडतो. मग मोकळं झालेलं लक्ष जातं चाकाखाली, कारण तिथे दर दहा फुटांवर काहीतरी बदलत असतं. खडीवरच्या सायकलिंगची चर्चा बहुतेक वेळा फ्रेम आणि गिअरवर येऊन थांबते. मला आज रस्त्याबद्दल बोलायचंय.

मुळात सायकल वाढली ती अशाच रस्त्यांवर. डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हा गावाबाहेरचा चांगला रस्ता म्हणजे मॅकअ‍ॅडमच्या पद्धतीने बांधलेला खडीचा रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्कॉटिश माणसाने एक साधी गोष्ट ओळखली होती. फोडलेल्या दगडाला कोपरे असतात आणि वरून चाकं फिरू लागली की हे कोपरे एकमेकांत रुतून घट्ट बसतात. दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड नसावा असा त्याचा दंडक होता आणि मजूर हातोड्याने तो तेवढा बारीक करत. नदीतल्या गोट्याला कोपरे नसतात, त्यामुळे तो कधीच रुतून बसत नाही. म्हणून अनोळखी रस्त्याला लागलात की आधी खाली बघा : खडी फोडलेली आहे की नदीतून उचललेली? फोडलेल्या, दबलेल्या खडीवर वळणात सायकल कलवता येते. गोल खडीवर पुढचं चाक फरशीवर सांडलेल्या गोट्यांवर पाय पडावा तसं निसटतं.

दगड जड असतो आणि लांबून वाहून आणणं परवडत नाही. त्यामुळे जवळच्या टेकडीत जो दगड असेल तोच सहसा रस्त्यावर येतो. इटलीत तोस्कानामधले रस्ते तिथल्या फिकट दगडामुळे पांढरे दिसतात, ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, हे त्यांचं नावच आहे. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून गायोले गावात १९९७ मध्ये ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. तिच्यातूनच पुढे २००७ मध्ये व्यावसायिक शर्यत निघाली. द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागांमधले रस्ते सायकलवाल्यांच्या हट्टापायी टिकले, याचं मला फार कौतुक वाटतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचं. एम्पोरिया या गावातून २००६ पासून दोनशे मैलांची एक शर्यत निघते, आज तिला ‘अनबाउंड’ म्हणतात. ती ज्या भागातून जाते त्याचं नाव फ्लिंट हिल्स. तिथल्या चुनखडीत गारगोटीचे कठीण थर आहेत. एकोणिसाव्या शतकात शेतकरी आले, त्यांनी सपाटीवरचं गवताळ रान नांगरून टाकलं. पण या टेकड्यांवर माती पातळ, खाली गारगोटी. नांगर चालेना. म्हणून ती जमीन गुरांना चरायला राहिली आणि एकेकाळी खंडाच्या मधोमध पसरलेल्या उंच गवताच्या कुरणांचा उरलेला सर्वांत मोठा तुकडा आज तिथेच आहे. ज्या दगडाने नांगर अडवला तोच आता स्पर्धकांचे टायर बाजूने चिरतो. टायर फाटल्यावर रस्त्याच्या कडेला बसून हा इतिहास आठवून कोणाला बरं वाटत नाही, ते सोडा.

त्याच शर्यतीत २०२३ मध्ये पावसाने चिखल झाला. चिकणमाती टायरला चिकटते, टायर आणि फ्रेम यांच्यामधली फट भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. नामवंत स्पर्धक सायकली खांद्यावर घेऊन चालले. चिकणमातीच्या रस्त्याला पाऊस झाल्यावर वाळायला वेळ द्यावा. घाईने गेलात तर सायकलही अडकते आणि तुमच्या चाकोऱ्या वाळून तशाच कडक होतात, त्यांचा त्रास नंतर शेतकऱ्याला.

अमेरिकेच्या त्या पट्ट्यातले रस्ते सरळ का, हेही पाहण्यासारखं आहे. १७८५ च्या कायद्याने जमीन एक मैल बाजूच्या चौकोनांत मोजली गेली आणि रस्ते त्या चौकोनांच्या कडांवर बांधले गेले. पण पृथ्वी गोल. उत्तरेला जाणाऱ्या रेषा एकमेकींच्या जवळ सरकतात, म्हणून मोजणीदारांना ठराविक अंतरावर रेषा दुरुस्त करावी लागली. तिथे नाकासमोर चाललेला रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडं बाजूला जातो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. गाडीतून जाणारा वैतागतो. सायकलवाल्याने हसावं. पृथ्वीची गोलाई हँडलला जाणवावी, अशा जागा फार नसतात.

डोंगराच्या पायथ्याला सगळा सरळपणा संपतो. डोंगरातून उतरणारं पाणी सपाटीवर आलं की त्याचा जोर ओसरतो. ते मोठे धोंडे आधी टाकतं, मग गोटे, मग वाळू आणि सर्वांत शेवटी गाळ. त्या गाळावर शेती उभी असते. म्हणजे शेतातून डोंगराकडे निघालेला सायकलस्वार हा क्रम उलटा चढत जातो : आधी मऊ माती, मग रेताड, मग गोटे, आणि खिंडीच्या तोंडाशी धोंडे. नकाशावर हा एकच रस्ता दिसतो. सपाटीवर पाणी कडेच्या चरातून वाहतं, पायथ्याला मात्र ते रस्त्यालाच ओढा समजतं आणि तिरपे चर पाडतं. चर सरळ, शक्यतो काटकोनात ओलांडावा. तिरपं गेलात तर पुढचं चाक चराच्याच दिशेने वळतं.

टायरमधल्या हवेबद्दल लोकांची समजूत अशी की टणक टायर वेगात पळतो. गुळगुळीत डांबरावर काही अंशी खरं. खडीवर टणक टायर प्रत्येक दगडावर सायकलीला आणि तुम्हाला वर उचलतो आणि ती सगळी शक्ती अंग हादरण्यात जाते. मऊ टायर दगड पोटात घेतो. ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरला मध्यम वजनाच्या माणसाने ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करावी, मग थोडं खाली-वर करून बघावं. रिम दगडावर आपटायला लागली तर हवा कमी झाली.

कोरड्या खडीवर आडव्या लाटा तयार होतात, पत्र्याच्या छपरासारख्या. त्या चाकांनीच होतात. वाळूवर चाक फिरवून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे की एका वेगाच्या खाली लाटा होत नाहीत आणि वर गेलं की होतातच, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. गाड्या जिथे ब्रेक मारतात किंवा वेग घेतात तिथे, वळणाआधी आणि चढावर, त्या जास्त भेटतात. रस्ता पुन्हा सपाट केला तरी परत येतात. कडेला एखादी हातभर पट्टी शाबूत असते, ती शोधायची. चढावर सीटवर बसूनच पेडल मारा, उभं राहिलात तर मागच्या चाकावरचा भार हलका होतो आणि ते जागीच फिरतं. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना.

रहदारी नाही म्हणजे वाहन नाही, असं मात्र समजू नका. ते रस्ते शेतीच्या कामासाठी आहेत, आपण तिथे पाहुणे. भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला चढावर थांबायला लावू नये, आपणच खाली उतरून वाट द्यावी. फाटक जसं होतं तसं ठेवावं : उघडं तर उघडं, बंद तर बंद. गुरांच्या मागून आवाज न करता जाऊ नये, ती बिचकतात. लांबूनच काहीतरी बोलत या, गाणं म्हटलंत तरी चालेल. फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा बघा आणि शंका असली तर परत फिरा.

वाट शोधायला ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेला इंटरनेटवरचा मोफत नकाशा, बरा. त्यात शेतवाटांना एक ते पाच अशी प्रत असते, एक म्हणजे घट्ट पृष्ठभाग, पाच म्हणजे माती आणि गवत. पण ती नोंद कोणा स्वयंसेवकाने कधीतरी केलेली असते, मधे दोन पावसाळे गेलेले असू शकतात. शिवाय नकाशावर रेघ आहे म्हणजे जायची परवानगी आहे, असं नाही.

आणि जिथे मागून कोणी येत नाही, तिथे मदतीलाही कोणी येत नाही. निघताना कोणत्या वाटेने जाणार ते घरी सांगून ठेवा आणि पाणी अंदाजापेक्षा जास्त घ्या. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब, पंप, चेन जोडायची कडी आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जाड तुकडा जवळ असू द्या. एक वस्तू बहुतेकजण विसरतात : गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा डीरेलर ज्यावर बसतो तो हँगर. सायकल दगडावर आडवी पडली की आधी तोच वाकतो, आणि तो मॉडेलगणिक वेगळा असल्यामुळे बरोबरच्या मित्राचा सहसा बसत नाही. आता प्रश्न घेऊ या.