बोंडअळीच्या आतड्यातली पकड

चोपडा तालुक्यातलं हे वावर. मे महिन्यात ठिबकवर लावलेला कापूस आता पात्या-फुलांवर आलाय. पानांखाली मावा आहे, तुडतुडे आहेत. बियाणं तर बीटीचं, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारं, मग हे मरत का नाहीत? त्याचं उत्तर किडीच्या आतड्यात आहे.

बीटी कपाशीत क्राय १ एसी नावाचं प्रथिन तयार होतं. मूळचं ते मातीतल्या एका जिवाणूचं. अळीने बोंड कुरतडलं की ते पोटात जातं, तिथल्या अल्कधर्मी रसात त्याची टोकं छाटली जातात आणि उरलेला भाग कामाला लागतो. आतड्याच्या पेशीवर कॅडहेरिन नावाचा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणूच धरणारा खाचा, असतो. प्रथिनावरचे वळसे त्याच्या आकाराशी जुळले, धन प्रभारासमोर ऋण प्रभार आला, पाणी टाळणारे भाग एकमेकांना भिडले, तरच पकड बसते. यातला कुठलाच बंध एकटा मजबूत नाही, सगळे एकाच वेळी जुळावे लागतात. निवड इतकी काटेकोर असते ती त्यामुळेच. पकड बसली की प्रथिनाचे रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला छिद्र पाडतात. पेशी फुगते, फुटते. तुडतुड्याच्या आतड्यात अशी पकड बसत नाही. माणसाच्याही नाही.

आपल्या रक्तातलं इन्सुलिन, अवघ्या ५१ अमिनो आम्लांचं, ते अशाच जुळणीने आपला रिसेप्टर गाठतं. फिरतं सगळीकडे, पण त्याचा निरोप पोचतो तो रिसेप्टर असलेल्या पेशीलाच.

आता ही डोमकळी, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेलं फूल, उघडून बघू. आत शेंदरी बोंडअळी आहे, जिवंत. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. पुढे प्रतिकारक झालेल्या, म्हणजे या प्रथिनाने न मरणाऱ्या, अळ्या तपासल्या, तेव्हा त्यांच्यात कॅडहेरिनचं जनुकच बिघडलेलं आढळलं. प्रथिन तेच, पण ते धरणारा रिसेप्टर धड उरलेला नाही.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी शाबूत असली, तरी रिसेप्टर बनतो आणि अळी मरते. नॉन-बीटीच्या ओळी लावायला सांगायचे ते यासाठीच. तिथले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले, तर पुढच्या अळीत ती शाबूत प्रत येते. बीटी बियाण्यासोबत मिळणारी नॉन-बीटीची ती पुडी कितीतरी घरांत तशीच पडून राहिली. त्यात डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक शेतात राखलं, की प्रतिकारक अळीला आणखी एक पिढी वाढायला मिळते.