उलट्या, गांजा आणि पोटॅशियम

(दृश्य: सकाळची गर्दी. दादर स्थानकाच्या पुलाचा जिना.)

चार दिवस उलट्या. पाणीसुद्धा ठरत नाही. आणि पाचव्या दिवशी हा जिना चढताना विशी-पंचविशीतल्या पोराच्या मांड्यांतलं बळच जातं. घरचे म्हणतात, ॲसिडिटी. सोनोग्राफी नॉर्मल येते, दुर्बिणीतूनही काही सापडत नाही. तो मात्र बाथरूममध्ये कढत पाणी अंगावर घेत बसून राहतो, कारण तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

कढत पाण्याची ही ओढ फार मोलाची खूण आहे. वर्षानुवर्षं गांजा ओढणाऱ्या रुग्णांमध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये नोंदवली. या आजाराचं नाव कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम, म्हणजे वर्षानुवर्षांच्या गांजामुळे येणारे उलट्यांचे झटके. गांजाने मळमळ थांबते असं ओढणारे सांगतात, आणि कधीमधी ओढणाऱ्याला तसा अनुभव येतोही. म्हणूनच मळमळलं की तो आणखी एक झुरका घेतो, आणि दुखणं वाढतं.

(दृश्य: रक्ततपासणीचा कागद.)

रक्तात पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतं. उलटीतून ते थेट फारसं जात नाही. जातं ते आम्ल. मग रक्तात बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा क्षार, वाढतं, मूत्रपिंडं ते लघवीवाटे टाकू लागतात, आणि त्याच्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं. शरीर कोरडं पडलं की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. ते मीठ-पाणी धरून ठेवतं, पण पोटॅशियम आणखी घालवतं. पातळी २.५च्या खाली गेली की हातपाय लुळे पडू शकतात, श्वासाचे स्नायू थकू शकतात. हृदयही स्नायूच. त्याचे ठोके बिघडले तर जीव जाऊ शकतो.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण उलटी थांबेपर्यंत ते पोटात राहणार कसं? पोटॅशियम सलाईनमधूनच द्यावं लागतं, बहुधा तासाला १० मिलिमोल, ईसीजीवर नजर ठेवून. घाईने दिलं तर तेच हृदय बंद पाडतं.

(दृश्य: वॉर्डबाहेरचा बाक.)

खाटेपाशी आई उभी असते, मनात पोलिसांची धास्ती असते. पोरगा गांजाचं नाव काढत नाही. पुन्हा ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी जातो. डॉक्टरांनी आईला दोन मिनिटं बाहेर बसवावं आणि न रागावता सरळ विचारावं, असं मला कळकळीने वाटतं.

पोटॅशियम भरून काढता येतं. उलट्यांचे झटके थांबतात ते गांजा पूर्ण सुटल्यावरच. सोडल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे मळमळ राहते. गांजा पुन्हा ओढला, की बहुतेकांना उलट्या पुन्हा सुरू होतात.